नियमानुसार

दयानंदचा फोन आला तेव्हा सिंधूबाई नुकत्याच डबा उघडून बसल्या होत्या. बाहेर नांदेडचं मे महिन्यातलं ऊन आणि आत बापूसाहेबांच्या संपर्क कार्यालयाचा खडखडणारा कूलर. फोनवर बोलायचं तर तो बंद करावा लागे.

“मॅडम, जेवण चालू हाय का? दोनच मिनिटं.”

दयानंद लातूरचा. आरोग्य खात्यातल्या बदल्या जिथं ठरतात, त्या कचेरीतला कारकून. बारा वर्षं दोघं फोनवर बोलत आले होते आणि एकमेकांचं तोंड त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्याच्यासाठी त्या ‘साहेबांच्या ऑफिसातल्या सिंधू मॅडम’ होत्या. आडनावाची गरज पडली नव्हती.

“साहेबांची सात पत्रं आलीत टपालात. एक आवर्जून हाय, ते वर काढलं. चार सहानुभूतीची, ती मधे ठेवली. दोन नियमानुसार. ती खाली सरकवून देऊ ना? शुक्रवारी यादी बंद होऊन राहिली, म्हणून विचारलं.”

“नावं वाचा.”

“नावांचं काय करता मॅडम, नियमानुसारच हायत.”

“वाचा तरी.”

“एक कोणी घोरबांड, वाहनचालक. आन् दुसरी दीपमाला शिवकांत पंचाक्षरी, अधिपरिचारिका. माहूरकडून लातूर मागून राहिली.”

सिंधूबाईंच्या हातातला भाकरीचा तुकडा हातातच राहिला.

“मॅडम? आवाज येतोय का?”

“येतोय. ते दुसरं लगेच खाली टाकू नका. मी सांगते.”

“का? काही चुकलं का?”

“बघते,” म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि कूलर पुन्हा लावायचं विसरून गेल्या.

समोरच्या बाकावर लक्ष्मम्मा बसली होती. देगलूरच्याही पलीकडच्या गावाहून दर महिन्याला येणारी म्हातारी. मराठी बोलताना मधेच तेलुगूत घसरायची. पदराच्या गाठीत प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत साहेबांचं पत्र. नातीला निवासी शाळेत जागा मिळावी म्हणून दिलेलं. तिनं ते उलगडून पुन्हा दाखवलं, आणि घडीवर झिजलेली ओळ सिंधूबाईंना न वाचताही दिसली. ‘नियमानुसार कार्यवाही व्हावी.’

“अम्मा, यंदा तरी होतंय ना? दोन साल झाली, पोरगी घरीच हाय. दुसऱ्या शाळेत घातलं न्हाई मी. म्हणलं, साहेबांचं पत्र हाय.”

“पुढच्या आठवड्यात या,” सिंधूबाई म्हणाल्या. हे त्या बत्तीस वर्षं म्हणत आल्या होत्या. आज मात्र म्हणताना त्यांनी तिच्याकडं पाहिलं नाही.

*

ते शब्द सिंधूबाईंनीच ठरवले होते.

त्र्याण्णवच्या भूकंपानंतरची गोष्ट. बापूसाहेब तेव्हा नव्यानं आमदार झाले होते. किल्लारीकडच्या पट्ट्यात त्यांनी एका पत्र्याच्या शेडमध्ये टेबल टाकलं आणि लातूरच्या टायपिंगच्या वर्गातून बाहेर पडलेली, चोवीस वर्षांची, उदगीरकडची सिंधू तिथं यंत्र घेऊन बसली. ज्याचं सगळं गेलं तो रांगेत, आणि ज्याची भिंतसुद्धा तडकली नव्हती तोही रांगेत. बापूसाहेबांना कोणालाही नाही म्हणता येत नसे. ते समोरच्याचा हात हातात घ्यायचे आणि म्हणायचे, “पत्र देतो.” दहा दिवसांत तहसीलदार हात जोडून आला. सगळीच पत्रं सारखी, साहेब. कोणतं खरं धरू?

त्या संध्याकाळी सिंधूनं युक्ती सुचवली. ज्याचं काम व्हायलाच हवं, त्याच्या पत्रात ‘आवर्जून लक्ष घालावे’. जमलं तर बघा, अशांसाठी ‘सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा’. आणि ज्याचं करायचं नाही, त्याला ‘नियमानुसार कार्यवाही व्हावी’. पत्र नेणाऱ्याला तिन्ही गोडच लागायची. अर्थ फक्त घेणाऱ्या कचेरीला ठाऊक.

“सिंधू, माझी अब्रू राखलीस तू,” बापूसाहेब म्हणाले होते. तिला त्या दिवशी फार मोठं वाटलं होतं. शेडबाहेर एक बाई पडक्या घरातून काढलेली पितळी घागर पुसत बसली होती. तिच्या पत्रात ‘आवर्जून’ पडलं आणि आठ दिवसांत तिला छप्पर मिळालं. त्या घागरीची चमक सिंधूबाईंच्या डोळ्यांसमोर पुढं कितीतरी वर्षं राहिली. आपल्या शब्दानं खऱ्याला मिळतं, एवढं त्यांना पुरत होतं. उरलेल्यांचं काय होतं, हे सांगायला उरलेले परत शेडपर्यंत आले नाहीत.

साहेब मोठे होत गेले, तसे कागद बदलत गेले. विधानसभा सदस्याचं लेटरहेड, मग खासदाराचं. मधे एकदा हरले तेव्हा ‘माजी खासदार’ असं छापून घ्यावं लागलं. ती पाच वर्षं वाईट गेली. पत्रं तशीच जायची, पण कचेऱ्यांमध्ये कोणी शब्द वाचेना. मग पुन्हा निवडून आले, पुन्हा आले, आणि तिसऱ्या खेपेला दिल्लीहून जाड पांढरा कागद आला. वर अशोकस्तंभ, खाली ‘केंद्रीय राज्यमंत्री’. सिंधूबाईंनी प्रत्येकाचा एक कोरा कागद कपाटात जपून ठेवला होता. त्यांच्या आयुष्याच्या तारखाही त्यांना तशाच आठवत. लग्न झालं ते आमदारकीच्या कागदावर, दीपमाला जन्मली तीही. एसटीत कंडक्टर असलेला नवरा गेला तो ‘माजी’च्या कागदावर. त्या दिवशी साहेब घरी येऊन अर्धा तास जमिनीवर बसून राहिले होते, एक शब्दही न बोलता. सिंधूबाई ते विसरल्या नव्हत्या.

या सगळ्या काळात त्यांनी स्वतःसाठी कधी पत्र मागितलं नव्हतं. टेबलाच्या कुलपातल्या खणात साहेबांची सही केलेली सहा कोरी पानं असत. एखाद्या पेशंटला मुंबईला हलवायचं असलं, साहेब दिल्लीत असले, तर अडू नये म्हणून. त्यातलं एकही पान त्यांनी कधी इकडचं तिकडं केलं नव्हतं.

गेल्या महिन्यात मात्र त्यांनी मागितलं.

दीपमाला तीन वर्षं माहूरकडच्या एका ग्रामीण रुग्णालयात नोकरीला होती. एप्रिलमध्ये तिथं वाळूच्या टिप्परनं मोटारसायकलवरच्या दोघांना उडवलं. एक जागीच गेला. टिप्पर चालवणारा आनंदराजचा मुलगा होता, आणि आनंदराज म्हणजे त्या भागातला साहेबांचा उजवा हात. मुलाच्या कपाळाला लागलं म्हणून त्यालाही रुग्णालयात आणलं. ड्युटीवर दीपमाला होती. तिनं नोंदवहीत वेळ लिहिली, दुपारचे चार वाजून दहा मिनिटं. खाली लिहिलं, तोंडाला दारूचा वास. डॉक्टरांची सही घेतली.

दुसऱ्या दिवशी माणसं आली. पान बदलायचं. मुलगा सकाळपासून तापानं भरती होता, असं लिहायचं. दीपमाला नाही म्हणाली. मग जबाबात एवढंच सांग, की वेळ लिहिताना चुकले. ती पुन्हा नाही म्हणाली. तेव्हापासून तिच्या क्वार्टरसमोर रोज दोन मोटारसायकली उभ्या राहू लागल्या. पोरं काही बोलत नसत. नुसती बसून असत, ती कामावर निघाली की मागं मागं येत, ती परतली की पुन्हा बसत.

“पोलिसांत जबाब द्यायला मी लातुरातनंबी येईन, अव्वा,” दीपमाला म्हणाली होती. उदगीरकडच्या काही घरांत आईला म्हणतात तसं ती अव्वाच म्हणायची. “पण इथं राहून मला झोप लागून न्हाई राहिली.”

सिंधूबाईंनी सगळं साहेबांच्या कानावर घातलं. साहेब ऐकत राहिले. मग त्यांच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “पत्र देतो.”

ते दोन शब्द त्या जन्मभर ऐकत आल्या होत्या. तरी त्या दिवशी त्यांना ते ऐकू आले नाहीत.

*

संगणकाची चूक असेल, असं त्यांनी आधी स्वतःला सांगितलं. पत्रं आता दिल्लीतच तयार होत. साहेबांचा भाचा यज्ञेश पुण्याहून शिकून आला होता, त्यानं सगळं संगणकावर घातलं होतं. त्या उठून त्याच्या केबिनमध्ये गेल्या.

“यज्ञेशबाबा, पत्रातला शेवटचा शब्द मशीन आपोआप घालतं का?”

“नाही मावशी. तीन पर्याय आहेत, तुमचेच. मामा सांगतात, दिल्लीतला मुलगा टिक करतो.” तो स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला, “तुमच्या मुलीचं मामांनी स्वतः सांगितलं. मी होतो तिथं.”

“काय म्हणाले?”

त्यानं आता वर पाहिलं. पोरगा वाईट नव्हता. पण चार महिन्यांवर जिल्हा परिषदेची निवडणूक होती. तो पहिल्यांदाच उभा राहणार होता, आणि गट माहूरकडचाच होता.

“मावशी, तुम्हाला मी काय समजावणार?”

दुपारी दीपमालाचा फोन आला. आवाजात किती दिवसांनी ऊन पडल्यासारखं झालं होतं.

“अव्वा, पत्राचा फोटो पाठवला दिल्लीच्या ऑफिसातनं! नियमानुसार कार्यवाही व्हावी, म्हणलेत साहेब. मग झालंच की! नियम तर माझ्याच बाजूनं हाय. या भागात तीन वर्षं काढली की मागेल तिथं देतात, जागा असली की. लातुरात दोन जागा रिकाम्या हायत, मी विचारलंय.”

“दोन जागा?” सिंधूबाईंनी एवढंच विचारलं.

“अव्वा? खूश न्हाई का तू?”

“हाय गं. पोरं बसलीत का आज?”

“बसलीत. बसू दे. आता चारच दिवस.”

हिला कसं सांगायचं? सांगायचं म्हणजे शब्दाचा अर्थ सांगायचा, आणि अर्थ सांगायचा म्हणजे तो कोणी लावला तेही सांगायचं. सिंधूबाईंनी खण उघडला. सहा पानं होती. सगळ्यांत वरच्या पानाच्या तळाशी साहेबांची निळ्या शाईतली सही. मधे सगळं कोरं. एक ओळ, एक शब्द टाकला की झालं. त्यांनी ते पान फायलीत घातलं, फाईल पिशवीत घातली आणि खणाला कुलूप लावलं. साहेब उद्या लातूरला बैठकीसाठी येणार होते.

*

सकाळच्या एसटीनं त्या निघाल्या. लोहा गेलं, अहमदपूर गेलं. खिडकीतून नांगरून ठेवलेली काळी रानं मागं पळत होती. पिशवी त्यांनी मांडीवर दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. शेजारच्या बाईनं विचारलं, “सोनंनाणं हाय काय ओ?” त्या हसल्या नाहीत.

लातूरच्या विश्रामगृहावर गाड्यांची गर्दी होती. दारावरच्या पोलिसानं ओळखून आत सोडलं. आतल्या खोलीत साहेब खुर्चीत बसले होते. चौऱ्याहत्तर वर्षांचे, पाय स्टुलावर टेकलेले. समोरच्या सोफ्यावर आनंदराज बसला होता, बोटावर गाडीची किल्ली फिरवत.

“सिंधू? तू इकडं कशी? बस, बस. चहा आणा रे. हे आनंदराज, माहूरकडचे आपले.”

“ओळखते,” सिंधूबाई म्हणाल्या. त्या बसल्या नाहीत.

“मीबी ओळखतो की मावशींना,” आनंदराज म्हणाला. “पोरगी आमच्याच दवाखान्यात हाय त्यांची. लई हुशार. अक्षर तर मोत्यावानी. सोडून जाऊन राहिली म्हणं आम्हाला? आमचं काही चुकलं का, मावशी?” किल्ली थांबली. “राहू द्या की नजरेसमोर. काळजी घेऊ आम्ही.”

सिंधूबाई साहेबांकडं वळल्या. त्यांनी त्याच्याकडं पाहिलं नाही.

“साहेब, दीपमालाच्या पत्रात कोणता शब्द घातला?”

साहेबांनी स्टुलावरचे पाय खाली घेतले. “पत्र गेलं की. सही केली मी.”

“शब्द कोणता?”

“नियमानुसार कार्यवाही व्हावी. बरोबर हाय ना? नियमात बसत असेल तर कोण अडवणार हाय?”

हा आवाज त्यांनी हजारो वेळा ऐकला होता. तेव्हा त्या साहेबांच्या बाजूला, यंत्रामागं बसलेल्या असत. समोर उभं राहून तो ऐकण्याची ही पहिलीच वेळ. बाजूनं ऐकताना त्या आवाजातली माया तेवढी कळायची. समोरून ऐकल्यावर कळलं, की तो आवाज समोरच्याशी बोलतच नाही, त्याला दारापर्यंत पोचवत असतो.

“साहेब, नाही म्हणायचं असेल तर तोंडानं म्हणा. मी ऐकून घेईन.”

डोक्यावर पंखा फिरत होता. चहा घेऊन आलेला माणूस ट्रेसकट दारातच थबकला.

“अगं, नाही कोण म्हणतंय?” साहेब हसले. “आयुष्यात मी कोणाला नाही म्हटलंय का?”

आनंदराजही हसला.

“नाही,” सिंधूबाई म्हणाल्या. “तुम्ही कधीच नाही म्हटलं नाही.”

त्या वळल्या, तसे साहेब उठून त्यांच्या मागं व्हरांड्यापर्यंत आले. चालताना त्यांना भिंतीचा आधार लागत होता. आवाज खाली आणून म्हणाले, “सिंधू, एवढी निवडणूक होऊ दे. मग बघू. तुझी पोर ती माझी पोर.” आणि सवयीनं हात वर नेला.

सिंधूबाई एक पाऊल मागं सरल्या. हात हवेतच राहिला. त्यांना वाईट वाटलं. तरी त्या पुढं आल्या नाहीत.

*

दयानंद आवाजावरून वाटला होता त्याहून तरुण निघाला. चष्मा कपाळावर, टेबलावर पत्रांचे तीन गठ्ठे.

“मॅडम! तुम्ही? फोनवर उंच वाटायच्या तुम्ही मला.” तो गडबडीनं खुर्ची पुसू लागला. “कशा काय आलात?”

“ती दीपमाला माझी मुलगी आहे.”

चष्मा कपाळावरून नाकावर आला. “अरे देवा. आन् मी विचारून राहिलो होतो, खाली सरकवू का म्हणून.” त्यानं आजूबाजूला पाहिलं आणि टेबलावरून पुढं झुकला. “मग सोपं हाय, मॅडम. साहेबांचं सहीचं कोरं पान असतंच तुमच्याकडं, सगळ्या कचेऱ्यांला माहीत हाय. शेजारी टायपिंगचं दुकान हाय. आवर्जून टाकून आणा, मी आत्ता वर घेतो. कोण विचारणार हाय?”

सिंधूबाईंनी पिशवीतून फाईल काढली. उघडली. अशोकस्तंभ, मधला कोरेपणा, खाली सही. दयानंदनं मान हलवली, हेच म्हणत होतो, अशी.

शब्द तयार होता. बोटांना तो इतका पाठ होता की त्यांनी पाहिलंही नसतं. पण दोन-चार दिवसांत आनंदराजला कळणार. तो साहेबांना विचारणार आणि साहेब म्हणणार, हे पत्र माझं नाही. मग उद्या कोर्टात कोणीतरी काळा कोटवाला उभा राहील आणि विचारेल, जिची आई खोटं पत्र करते, तिनं लिहिलेली वेळ खरी कशी धरायची? चार वाजून दहा मिनिटं. दीपमालानं जिवावर उदार होऊन जपलेली तेवढी एक ओळ. ती खोटी ठरवायला या पानावरचा एक शब्द पुरला असता.

त्यांनी फाईल मिटली.

“दयानंदराव, आलेलं पत्र दाखवा.”

त्यानं गठ्ठ्याच्या तळातून ते ओढून काढलं. सिंधूबाईंनी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं, कधी पाहिलंच नसल्यासारखं.

“नियम काय आहे?”

“कशाचा?”

“बदलीचा. यात लिहिलंय, नियमानुसार कार्यवाही व्हावी. नियम काढा.”

दयानंद हसला. “मॅडम, ते तसलं नियमानुसार न्हाई ना.”

“कसलं आहे मग?”

“तुम्हीच तर...”

“हो, मीच. बत्तीस वर्षांपूर्वी मीच त्याचा अर्थ फिरवला. आता मीच सांगते, जे लिहिलंय तेच वाचा.”

तो चष्मा काढून पुसत बसला. मग उठून कपाटातून एक फुगलेली फाईल घेऊन आला, धूळ झटकली आणि पानं उलटू लागला. बोट एका कलमावर थांबलं. तो ओठांत पुटपुटत वाचत गेला. मग दीपमालाचा अर्ज काढला, तारखा लावल्या. तीन वर्षं चार महिने. लातुरात जागा दोन.

“बसतंय,” तो म्हणाला. आणि स्वतःच दचकल्यासारखा पुन्हा म्हणाला, “नियमात बसतंय, मॅडम. एकदम बसतंय. बारा वर्षांत हे पान उघडलं न्हाई मी. शब्द बघायचो आन् सरकवून द्यायचो.”

“मलाही कधी वाटलं नाही, तुम्ही उघडून बघावं म्हणून.”

त्यानं पेन हातात घेतलं आणि तसंच धरून ठेवलं. बाहेरच्या खोलीत फोन वाजत होता. “साहेबांचा आला तर? का आनंदराजचा? माहूरकडच्या टिप्परचं ऐकून हाय मी. ते लई वाईट हायत. माझीबी पोरंबाळं हायत, मॅडम.”

“आला तर हेच पत्र वाचून दाखवा. सही त्यांची आहे. नियमानुसार करू नका, असं म्हणायचं असेल तर त्यांनी तसं लिहून द्यावं.”

दयानंदनं पत्र पुन्हा एकदा वाचलं. फोन वाजायचा थांबला. मग त्यानं बारीक अक्षरात शेरा लिहिला. ‘मा. राज्यमंत्री महोदयांच्या पत्रानुसार नियम तपासला. अर्जदार पात्र. सादर.’ कागद त्यानं कोणत्याच गठ्ठ्यात ठेवला नाही. तो घेऊन उभा राहिला, सरळ आत वरिष्ठांकडं न्यायला. दारात थांबून म्हणाला, “आन् त्या घोरबांडचं?”

“त्याचाही नियम बघा.”

तो परत आला, पानं उलटली. “न्हाई बसत. दोनच वर्षं झालीत.”

“मग त्याला तसं लिहून कळवा. वाट बघत बसेल बिचारा.”

*

परतीच्या वाटेवर एसटी अहमदपूरच्या स्थानकात थांबली तेव्हा सिंधूबाईंनी दीपमालाला फोन लावला. फलाटावर भोंगा कोकलत होता. एका हातानं कान दाबून त्यांनी सगळं सांगितलं. तीन शब्द, पत्र्याची शेड, यंत्र, आणि साहेबांनी तिच्यासाठी कोणता शब्द निवडला ते.

पलीकडं दीपमालानं दार लावून घेतल्याचा आवाज आला.

“अव्वा, मग आजवर किती जणांला लिहिलंस तू नियमानुसार?”

“ठाऊक नाही.”

“त्यांला कळलं का कधी?”

“नाही.”

ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. “बस सुटून राहिली का?” दीपमालानं विचारलं. “जा. पोचल्यावर फोन कर.” तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं सिंधूबाईंना वाटलं.

गुरुवार कोरडा गेला. दयानंदचा फोन आला नाही आणि त्यांना करवला नाही. माहूरकडं मोटारसायकली दोनाच्या चार झाल्या. एका पोरानं क्वार्टरच्या फाटकाला हात लावून नुसतं हलवून पाहिलं. दीपमाला त्या दिवशी दुसऱ्या नर्सच्या घरी जाऊन राहिली. सिंधूबाई कार्यालयात येणाऱ्याजाणाऱ्यांना पाणी विचारत होत्या, अर्ज घेत होत्या, आणि फोन वाजला की सगळ्यांच्या आधी त्यांचा हात पुढं जात होता.

शुक्रवारी चार वाजून गेल्यावर तो वाजला.

“मॅडम, यादी लागली. अनुक्रमांक एकोणीस. वाचू का?” दयानंदनं पूर्ण नाव वाचलं, रुग्णालय वाचलं, रुजू होण्याची तारीख वाचली. मग हळू आवाजात म्हणाला, “काल फोन आला होता. साहेबांचा न्हाई, त्या दुसऱ्याचा. मी म्हणलं, मंत्रिमहोदयांचं पत्र हाय, वाचून दाखवू का? शिवी देऊन ठेवला त्यानं.”

“तुम्हाला त्रास होईल, दयानंदराव.”

“होईल. पण मी नियमात हाय,” तो म्हणाला आणि स्वतःच हसला.

शनिवारी सकाळी यज्ञेश त्यांच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. कुठं बघावं ते त्याला कळत नव्हतं. “मावशी, खणाची किल्ली द्या म्हणालेत मामा. तुम्ही आता थोडी विश्रांती घ्या म्हणाले. नाही म्हणजे, काढत नाहीत ते तुम्हाला. फक्त...”

“असू द्या, बाबा. कळलं.”

त्यांनी खण उघडून सहाही पानं त्याला दाखवली. लातूरला जाऊन आलेलं पान वरच होतं, एका कोपऱ्याला किंचित दुमडलेलं आणि तसंच कोरं. किल्ली त्याच्या हातावर ठेवली. दीपमालाचं सामान त्याच वेळी एका टेम्पोत भरलं जात होतं आणि रुग्णालयातल्या दोन नर्स टेम्पोशेजारी उभ्या होत्या, हे त्यांना फोनवर कळलं होतं. जबाबाची तारीख पुढच्या महिन्यातली होती.

चष्म्याचं घर, डबा, पाण्याची बाटली. नेण्यासारखं एवढंच होतं. त्या उठणार, तोच दारात लक्ष्मम्मा आली. पदराची गाठ सोडतच आली.

“अम्मा, पुढच्या आठवड्यात ये म्हणलीस. मी लवकरच आले.”

“या, बसा.” सिंधूबाई स्वतःही बसल्या, टेबलामागच्या खुर्चीत नाही, बाकावर, तिच्या शेजारी. पिशवीतलं पत्र त्यांनी हातात घेतलं. शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. केबिनच्या काचेतून यज्ञेश पाहत होता.

“लक्ष्मम्मा, या शब्दाचा अर्थ ‘नाही’ असा आहे.”

म्हातारी बोटाकडं पाहत राहिली, मग त्यांच्या तोंडाकडं.

“लेदु?” तिनं तेलुगूत विचारलं.

“लेदु,” सिंधूबाई म्हणाल्या. “दोन वर्षांपूर्वीच सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही.”

लक्ष्मम्मा रडली नाही. तिनं पदरानं तोंड पुसलं, आणि ती काहीतरी फार कडू बोलणार, म्हणून सिंधूबाई मान खाली घालून थांबल्या. पण तिनं एवढंच विचारलं, “मग आता पोरीला कुठं घालू?”

“देगलूरच्या शाळेत आठवीत प्रवेश चालू आहेत. शेजारीच मुलींचं वसतिगृह आहे. पंधरा जूनच्या आत जा. पत्र लागत नाही. गुणपत्रिका आणि दाखला घेऊन जा, मी लिहून देते.”

त्यांनी अर्जाच्या पाठकोऱ्या कागदावर पेनानं, मोठ्या अक्षरांत लिहून दिलं. शाळेचं नाव, तारीख, काय काय न्यायचं. लक्ष्मम्मानं तो कागद घडी करून प्लास्टिकच्या पिशवीत घातला, पिशवी पदराला बांधली आणि गुडघ्यावर हात टेकत उठली.

साहेबांचं पत्र बाकावर तसंच राहिलं.